सेकंदाला पावणेनऊ लाख, चकलांब्यात पन्नास

१,९७१ कोटी. ५ जून २०२४ या एका दिवसात राष्ट्रीय शेअर बाजाराकडे, म्हणजे एनएसईकडे, आलेल्या ऑर्डरींचा हा आकडा. सौदे झाले २८.५५ कोटी. आदल्या दिवशी लोकसभेचा निकाल लागून बाजार आपटला होता आणि त्या दिवशी सावरत होता, तेव्हा दिवस रोजचा नव्हता हे खरं. तरी भागाकार करून पाहण्यासारखा आहे. बाजार सकाळी ९:१५ ला उघडतो आणि दुपारी ३:३० ला बंद होतो. सव्वासहा तास, ३७५ मिनिटं, २२,५०० सेकंद. म्हणजे सेकंदाला सरासरी ८ लाख ७६ हजार ऑर्डरी आणि साडेबारा हजारांवर सौदे. सौद्यांच्या ६९ पट ऑर्डरी. उरलेल्या बदलल्या गेल्या, मागे घेतल्या गेल्या किंवा गिऱ्हाईक न मिळता पडून राहिल्या.

आता बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातलं चकलांबा घेऊ. इथल्या एखाद्या पोराने ब्रोकरच्या ॲपमध्ये निफ्टीचे ५० शेअर लावून ठेवले, तर प्रत्येकाचा भाव सेकंदाला साधारण एकदा हलतो असं हिशेबापुरतं धरू. सेकंदाला पन्नास आकडे. हे पन्नास आकडे साठवून, त्यावर स्वतःचा ट्रेडिंग प्रोग्राम लिहिण्याची हौस आता शहरापुरती राहिलेली नाही. पायथन यूट्यूबवर शिकता येतं, डीमॅट खातं फोनवर उघडतं. प्रश्न एवढाच की पावणेनऊ लाखांचे पन्नास होताना मधे काय गळतं, आणि उरलेल्या पन्नासांवर कोणतं काम होतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: वेगाच्या खेळाला हे आकडे कुचकामी आहेत, नोंदी ठेवायला मात्र भरपूर आहेत. घोळ होतो तो दुसऱ्या कामाच्या सामानावर पहिलं काम करायला गेल्यावर.

गळती पहिल्या पायरीपासूनच असते. एनएसई आपला डेटा एकाच मापाने विकत नाही. सगळ्यात महाग माल म्हणजे टिक बाय टिक: प्रत्येक ऑर्डर आली, बदलली, रद्द झाली किंवा तिचा सौदा झाला की स्वतंत्र नोंद. त्याखालच्या पहिल्या पातळीत फक्त सर्वांत वरची खरेदीची आणि सर्वांत खालची विक्रीची बोली मिळते, दुसरीत दोन्ही बाजूंच्या पाच-पाच बोल्या, तिसरीत वीस-वीस. आणखी खाली मिनिटा-मिनिटांनी टिपलेले स्नॅपशॉट, आणि तळाशी दिवसअखेरची फाइल, जिला बाजारातले सगळे भावकॉपी म्हणतात. ही विक्री एनएसई डेटा अँड ॲनालिटिक्स ही कंपनी करते, जिचं आधीचं नाव डॉटेक्स. आपल्या फोनवर येतं ते ब्रोकरने बाजाराकडून घेऊन, गाळून, लाखो ग्राहकांना वाटलेलं. दोन आकड्यांच्या मधे झालेले सौदे त्यात स्वतंत्रपणे दिसतच नाहीत.

सगळ्यात वरच्या पायरीवर किती चुरस चालते, याचा एक दाखला आपल्याच राज्यात घडला. एनएसईने २०१० मध्ये को-लोकेशन सुरू केलं: ब्रोकरने आपला सर्व्हर बाजाराच्याच डेटा सेंटरात भाड्याने ठेवायचा. त्या काळात टिक बाय टिक डेटा टीसीपी पद्धतीने जाई, म्हणजे एकाला दिला की मग पुढच्याला. ज्याचा सर्व्हर सकाळी आधी जोडला गेला, त्याला भाव आधी. सगळ्यांना एकदम देणारी मल्टिकास्ट पद्धत एप्रिल २०१४ मध्ये आली आणि २०१५ मध्ये निनावी तक्रारीतून प्रकरण बाहेर पडलं. बाजाराच्या नियामकाने, म्हणजे सेबीने, ३० एप्रिल २०१९ ला एनएसईला ६२४.८९ कोटी रुपये १२ टक्के व्याजासह भरायला सांगितलं. रोखे अपील न्यायाधिकरणाने, म्हणजे सॅटने, जानेवारी २०२३ मध्ये ती वसुली रद्द केली, पण पुरेशी दक्षता घेतली नाही म्हणून १०० कोटी लावले. संगनमताचा पुरेसा पुरावा नाही म्हणून सेबीनेही सप्टेंबर २०२४ मध्ये आपली कार्यवाही बंद केली. कायद्याच्या अंगाने काय ते झालं. आपल्या कामाची गोष्ट निराळी आहे: हा सगळा तंटा एकाच इमारतीतल्या दोन सर्व्हरांमधल्या, सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्याएवढ्या फरकावरून होता.

चकलांबा त्या इमारतीत नाही. मुंबईपासून सरळ रेषेत ते पावणेतीनशे ते तीनशे किलोमीटरवर आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एवढ्या अंतराला दीड मिलिसेकंद. अंतराची अडचण इतकीच. खरा वेळ जातो तो ब्रोकरच्या सर्व्हरवर आणि मोबाइल टॉवर ते फोन या शेवटच्या टप्प्यात. तिथे तीस-चाळीस मिलिसेकंद सहज जातात, आणि टॉवरवर गर्दी असली की शे-दोनशे. गंमत म्हणजे १९९४ मध्ये एनएसई सुरू झालं तेव्हा गावोगावच्या ब्रोकरांना ते उपग्रहावरून, व्हीसॅटच्या तबकडीने जोडलं गेलं. तो उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर. वर जाऊन खाली यायलाच २४० मिलिसेकंद. त्या वेळच्या ब्रोकरला मिळत नव्हता इतक्या लवकर भाव आज बाजेवर बसलेल्या माणसाला मिळतो. तरी तो शर्यतीत मागेच आहे, कारण बाकीचे त्याहून फार पुढे गेले.

दूरच्या बाजाराचे आकडे महाराष्ट्रात येण्याची वाट काही आजची नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद होतानाचे भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईच्या कापूस बाजाराला येत आणि लोक त्या आकड्यांवर पैसे लावत. १९६१ मध्ये न्यूयॉर्कने ते भाव देणं थांबवलं. लोकांनी काय केलं? आकडे येत नाहीत म्हटल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली, आणि मटका जन्माला आला. कापसाचा संबंध संपला, आकडा तेवढा उरला. ऑप्शनच्या साप्ताहिक एक्स्पायरीला काही फोनांवर जे चालतं, ते पाहताना मला ही हकीकत हमखास आठवते.

असो. प्रत्यक्ष डेटा येतो कसा ते पाहू, कारण बहुतेक चुका तिथेच होतात. उदाहरणाला झिरोधाचं काईट कनेक्ट घेतो. इतर ब्रोकरांची रचना थोडीफार वेगळी, तत्त्व तेच. वेबसॉकेट नावाची जोडणी एकदा उघडली की ती दिवसभर उघडी राहते आणि भाव आपणहून येत राहतात, पुन्हा-पुन्हा विचारावं लागत नाही. एका जोडणीवर ३,००० पर्यंत शेअर किंवा करार लावता येतात. भाव अक्षरांत येत नाही, बाइटांत येतो. नुसता शेवटचा भाव हवा असेल तर एका शेअरचे ८ बाइट: पहिले चार शेअरचा क्रमांक, पुढचे चार किंमत. किंमत पैशांत असते. समजा ते चार बाइट ०, १, २२६, ५८ असे आले. हिशेब असा: १ गुणिले ६५,५३६, अधिक २२६ गुणिले २५६, अधिक ५८. उत्तर १,२३,४५०. त्याला शंभराने भागलं की १,२३४ रुपये ५० पैसे. नवखे इथे लगेच भागाकार करून दशांश चिन्हासकट साठवतात. साठवायचा तो १,२३,४५० हा पूर्णांकच, कारण दशांश आकडे संगणक आतून जवळपास धरतो आणि बेरजा करत गेल्यावर बारीक फरक डोकं वर काढतात.

पूर्ण तपशील मागितला तर एका शेअरचे १८४ बाइट येतात. त्यातले शेवटचे १२० म्हणजे खरेदीच्या पाच आणि विक्रीच्या पाच बोल्या, प्रत्येकी १२ बाइट. वेळही त्यात असते, पण पूर्ण सेकंदांत. एका सेकंदात दोन शेअर हलले तर आधी कोण हलला, हे त्या वेळेवरून सांगता येणार नाही. 'अमुक शेअर वाढला की अर्ध्या सेकंदात तमुक घ्यायचा' अशी योजना डोक्यात असेल तर ती इथेच सोडावी.

आता साठवणीचा हिशेब. पन्नास शेअर, २२,५०० सेकंद, सेकंदाला एक नोंद, १८४ बाइट: दिवसाला ११ लाख २५ हजार नोंदी आणि २०.७ कोटी बाइट, म्हणजे सुमारे २०७ एमबी. रोज दीड जीबीच्या पॅकमध्ये हे बसतं. तीन हजार शेअरांची कमाल जागा भरली तर तोच हिशेब १२.४ जीबीवर जातो, आणि सतत साडेचार एमबीपीएसची लाइन लागते. बहुतेक शेअर दर सेकंदाला हलत नाहीत, तेव्हा प्रत्यक्षात इतकं येणार नाही. पण कमाल आकडा माहीत असावा. इतकं करूनही त्या जून महिन्यातल्या दिवसाच्या ऑर्डरींशी ताडलं, तर तीन हजार शेअरवाल्याला २९० हालचालींमागे एक दिसते.

याच्या शेजारी मिनिटांचा हिशेब ठेवू. प्रत्येक मिनिटाचा उघडता, वरचा, खालचा आणि शेवटचा भाव, उलाढाल, वेळ आणि शेअरचा क्रमांक, एवढं ३२ बाइटांत मावतं. पन्नास शेअरांच्या दिवसाला १८,७५० ओळी. वर्षात अडीचशे दिवस बाजार धरला तर ४६ लाख ८७ हजार ५०० ओळी, १५ कोटी बाइट. म्हणजे मिनिटांच्या नोंदींचं अख्खं वर्ष सेकंदांच्या नोंदींच्या एका दिवसापेक्षा कमी जागेत बसतं. चकलांब्यातून काम करणाऱ्याने दुसरी वही नेटाने ठेवावी आणि पहिली हौसेपुरती, असं मला वाटतं.

मिनिटाची ओळ बनवताना एक खोच आहे. ब्रोकर पाठवतो ती उलाढाल त्या सेकंदाची नसते, सकाळपासूनची एकूण असते. समजा १०:१४ च्या शेवटी एकूण ४,१२,३०० शेअर झाले होते आणि १०:१५ च्या शेवटी ४,१९,८००. मग १०:१५ च्या मिनिटातली उलाढाल ७,५००. जो प्रोग्राम दर वेळी आलेली उलाढाल बेरजेत टाकत जातो, त्याच्या मते त्या मिनिटात काही कोटी शेअर विकले गेलेले असतात. पण याच पद्धतीचा एक फायदा आहे. मधेच लाइट गेली, राउटर बंद पडला आणि तीन मिनिटं काही आलंच नाही, तर जोडणी परत आल्यावर त्या तीन मिनिटांची मिळून उलाढाल वजाबाकीने बिनचूक निघते. निघत नाही ते भाव: त्या तीन मिनिटांत शेअर किती वर जाऊन खाली आला, हे गेलं ते गेलं. म्हणून तुटलेल्या मिनिटावर खूण हवी. मागच्या भावाने रिकामी जागा भरून टाकण्याची सवय फार वाईट, कारण भरलेलं आणि खरोखर आलेलं यात चार महिन्यांनी आपल्यालाच फरक करता येत नाही. संध्याकाळी ब्रोकरच्या जुन्या डेटातून ती मिनिटं मागवावीत आणि तीही 'मागवलेली' म्हणूनच नोंदवावीत. बाजार शांत असताना जोडणी जिवंत आहे हे कळावं म्हणून सर्व्हर दर थोड्या सेकंदांनी एक बाइट पाठवतो. भाव आला नाही आणि तो एक बाइटही आला नाही, तर लाइन तुटली समजायचं. फक्त भाव आला नाही तर शेअर स्तब्ध आहे इतकंच.

वेळ प्रोग्राममध्ये ठोकून लिहू नये. २४ फेब्रुवारी २०२१ ला दूरसंचार लाइनींच्या बिघाडामुळे एनएसईचे व्यवहार सकाळी ११:४० ला थांबले, आणि पुन्हा सुरू झाले ते दुपारी ३:४५ ते ५ पर्यंत. साडेतीनला आपोआप झोपणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामचा तो दिवस बुडाला. लक्ष्मीपूजनाचं मुहूर्त ट्रेडिंग एरवी संध्याकाळी होतं, २०२५ मध्ये ते दुपारी १:४५ ते २:४५ झालं. १ फेब्रुवारी २०२५ ला शनिवार असूनही अर्थसंकल्पासाठी बाजार उघडा होता.

दिवसाच्या शेवटी भावकॉपी फुकट मिळते, तिच्याशी आपली वही ताडून पाहायची. इथे हमखास गोंधळ होतो: आपला ३:२९:५९ चा शेवटचा भाव एक आणि भावकॉपीतला बंद भाव दुसरा. चूक कुणाचीच नसते. एनएसईची आजवरची रीत अशी की बंद भाव म्हणजे ३ ते ३:३० या अर्ध्या तासातल्या सौद्यांची उलाढालीनुसार काढलेली सरासरी. शेवटचा सौदा भावकॉपीत वेगळ्या रकान्यात असतो. ताडायचा तो त्याच्याशी. उघडता भावही ९:१५ च्या पहिल्या टिकवर अवलंबून नसतो. तो ९ ते ९:१५ च्या प्री-ओपन सत्रात ठरलेला असतो. दिवसाचा वरचा-खालचा भाव जुळला नाही, तर मात्र आपल्याकडून काहीतरी निसटलं आहे. आणि सेकंदाला एकच नोंद घेणाऱ्याचं अधूनमधून निसटणारच. पन्नासांपैकी किती शेअरांचे वरचे-खालचे भाव पैशापर्यंत जुळले, ही एकच संख्या रोज लिहून ठेवली तर आपला डेटा किती विश्वासाचा आहे ते महिन्याभरात कळतं. कुठल्याही रंगीत चार्टपेक्षा मला ही संख्या महत्त्वाची वाटते.

लाइट आणि टॉवर यांचा भरवसा नसेल तर एक साधा उपाय आहे: गोळा करण्याचं काम गावात करायचंच नाही. ॲमेझॉनने आपलं मुंबईतलं डेटा सेंटर केंद्र जून २०१६ मध्ये सुरू केलं आणि आता इतर कंपन्याही तिथे छोटा सर्व्हर भाड्याने देतात. प्रोग्राम तिथे चालवायचा, गावात बसून फक्त पाहायचं. मग गावातली लाइट गेली तरी वहीत खाडा पडत नाही. ऑर्डरही प्रोग्राममधूनच टाकायची असेल तर याला आणखी एक कारण आहे. सेबीच्या ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकाने एपीआयवरून ऑर्डर टाकणाऱ्यासाठी न बदलणारा आयपी पत्ता बंधनकारक करणारी चौकट आणली, आणि मोबाइल नेटचा पत्ता तर सतत बदलतो. सेकंदाला दहापर्यंतच ऑर्डरी टाकणाऱ्याला अल्गोची, म्हणजे आपोआप ऑर्डरी टाकणाऱ्या प्रोग्रामची, वेगळी नोंदणी करावी लागत नाही. नुसता डेटा घेणाऱ्याला यातलं काहीच लागू नाही. खर्च म्हणाल तर काईट कनेक्टची महिन्याची फी २,००० रुपये होती, ती २०२५ मध्ये ५०० वर आली. काही ब्रोकर हीच सोय फुकट देतात.

फुकट असो वा विकत, हा डेटा आपल्यापुरताच. गावातल्या चार मित्रांना आपल्या ॲपमधून थेट भाव दाखवले की आपण परवान्याशिवायचे विक्रेते होतो. खऱ्या भावांवर खोटे पैसे लावायला देणाऱ्या आभासी ट्रेडिंगच्या खेळांना थेट डेटा देऊ नये, असं सेबीने २४ मे २०२४ च्या परिपत्रकात सांगितलं.

गोळा केलेल्या आकड्यांवर पैसे लावायचे की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण सेबीचेच आकडे समोर ठेवून ठरवावं. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. २०२४-२५ या एका वर्षात तो १.०५ लाख कोटी. यातले ७२ टक्के लोक देशातल्या पहिल्या तीस शहरांबाहेरचे, म्हणजे त्यात बीड आलंच. पलीकडच्या बाजूला, परदेशी संस्थांच्या नफ्यापैकी ९७ टक्के आणि स्वतःच्या भांडवलावर खेळणाऱ्या दलाली पेढ्यांच्या नफ्यापैकी ९६ टक्के नफा अल्गोतून आलेला. ही तीच मंडळी, जी पावणेनऊ लाखांकडे पाहतात.

एक आकडेवारी मात्र अशी आहे जिथे चकलांबा मागे नाही. बाजार समित्यांतल्या कापसाच्या रोजच्या नोंदीत आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असतात, आणि ते सगळ्यांना एकाच वेळी उघडे. केंद्राने २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये क्विंटल हमीभाव ठरवला. आपल्या भागात प्रत्यक्ष दर त्याच्या किती खाली किंवा वर राहिला, हे याच नोंदींवरून दिसतं. सोयाबीनचं थोडं वेगळं. त्याचे वायदे सेबीने २० डिसेंबर २०२१ ला थांबवले आणि मग बंदीची मुदत वाढतच गेली. म्हणजे मुंबईतल्या कंपनीचा भाव सेकंदाला येतो, पण पुढच्या तीन महिन्यांत सोयाबीनला बाजार काय धरतो आहे हे सांगणारा आपल्या देशातला वायदा इथल्या शेतकऱ्यापुढे नाही. उरतो तो बाजार समितीचा आजचा दर, आणि तो नोंदवायला वर लिहिलेलाच प्रोग्राम चालतो. गेवराई, बीड, माजलगाव, शेवगाव आणि पैठण या पाच बाजार समित्यांचा एका पिकाचा रोजचा दर ३२ बाइटांच्या एकेका ओळीत लिहिला, तर अडीचशे दिवसांच्या १,२५० ओळी होतात, एकूण ४०,००० बाइट. निफ्टीच्या पन्नास शेअरांचा पूर्ण तपशील पाच सेकंदांच्या आत याहून जास्त बाइट पाठवतो.